द्विशिक्षकी शाळेतील वर्गशिस्त आणि प्राथमिक शिक्षकाचा दिनक्रम : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

वर्गातील मुलांच्या वर्तनाचा प्रश्न सामान्यतः शिक्षकाच्या स्वभावाशी किंवा धाकाशी जोडला जातो. ग्रामीण भागातील द्विशिक्षकी शाळेत मात्र हा प्रश्न प्रामुख्याने वेळेच्या मांडणीचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मुलांचे बरेचसे गैरवर्तन रिकाम्या वेळेत जन्मते आणि हा रिकामा वेळ शाळेच्या रचनेतून, तसेच शिक्षकाच्या तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या दिवसातून निर्माण होतो. म्हणून वर्गशिस्त आणि शिक्षकाचा दिनक्रम या दोन विषयांचा एकत्रित विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : वर्गशिस्त, बहुवर्ग अध्यापन, द्विशिक्षकी शाळा, शिक्षकाचा दिनक्रम, शिक्षक-शिक्षण.

१. प्रस्तावना

‘मुले ऐकत नाहीत’ ही प्राथमिक शिक्षकाची बहुधा सर्वांत जुनी तक्रार आहे. छडी आणि विद्या यांचे नाते गृहीत धरणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या आणि त्या काळी या तक्रारीवर उत्तरही तयार होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच्या कलम १७ ने हे उत्तर काढून घेतले. बालकास शारीरिक शिक्षा करणे अथवा त्याचा मानसिक छळ करणे या कलमाने मना केले असून, तसे करणारा शिक्षक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. ही तरतूद सर्वस्वी योग्य आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु छडी गेल्यानंतर तिच्या जागी काय आले, हा प्रश्न शिक्षक-प्रशिक्षणात पुरेसा विचारला गेला नाही. ‘प्रेमाने समजावून सांगा’ हा उपदेश खरा आहे, पण अपुरा आहे. एका खोलीत दोन इयत्तांची तीस मुले बसलेली असताना, दाराशी तांदळाची गोणी आलेली असताना आणि तासाभरात माहिती पाठविण्याचा निरोप मोबाईलवर झळकत असताना प्रेमाने समजावून सांगायचे ते कसे, हे त्या उपदेशात येत नाही.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. पैठण, गंगापूर, वैजापूर हे गोदाकाठाकडील तालुके. कन्नड, सोयगाव, सिल्लोड हे अजिंठ्याच्या डोंगररांगांचे तालुके. आणि शहरालगतचे फुलंब्री, खुलताबाद व मूळ तालुका. वस्तीवर, तांड्यावर किंवा लहान गावात दोन शिक्षकांची शाळा हे येथील परिचित दृश्य आहे. प्रस्तुत विवेचनात अशी शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे.

२. कायद्याची चौकट आणि एक साधा हिशेब

अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांसाठी तीन आणि ९१ ते १२० मुलांसाठी चार शिक्षक देय असतात. याच अनुसूचीत प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन-तास सांगितले आहेत. म्हणजे दिवसाला किमान चार तास.

आता पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा घेऊ. प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात. चार तासांपैकी दोन तास तो एका इयत्तेसमोर आणि दोन तास दुसऱ्या इयत्तेसमोर उभा राहू शकतो. याचा अर्थ असा की, दोन्ही शिक्षक पूर्णवेळ हजर असतील, एक मिनिटही वाया जाणार नाही असे गृहीत धरले, तरी प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला वर्षाकाठी ८०० पैकी ४०० तासच थेट अध्यापन येते. उरलेले ४०० तास ती मुले शिक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात, पण त्याच्या बोलण्याच्या बाहेर असतात. दोघांपैकी एक शिक्षक प्रशिक्षणास, बैठकीस वा रजेवर गेला, तर चारही इयत्ता एकाच शिक्षकाकडे येतात आणि हा वाटा अर्ध्यावरून पावावर येतो.

वर्गशिस्तीचा प्रश्न मुख्यत्वे या दुसऱ्या अर्ध्या भागात दडलेला आहे. शिक्षक समोर बोलत असताना मुले फारशी बिघडत नाहीत. तो पाठ फिरवून दुसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज समजावू लागला की पहिलीत चुळबुळ सुरू होते. पेन्सिल ओढली जाते, पाटी पुसली जाते, मग हमरीतुमरी आणि शेवटी ‘बाई, हा मला मारतो’. या घटनाक्रमात मुलाचा स्वभाव जितका जबाबदार आहे, त्याहून अधिक जबाबदार आहे ते त्याच्या हाती काही काम नसणे. सात वर्षांचे मूल पंचवीस मिनिटे काहीही न करता बसू शकत नाही आणि तशी अपेक्षा करणेही रास्त नाही.

३. शिस्तीच्या संकल्पनेकडे पाहण्याची दृष्टी

शिस्त म्हणजे शांतता, हे समीकरण आपल्याकडे फार रुजले आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या मूळ गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि पहिल्याच दिवशी मुलांकडून शांतीचा खेळ करवून घेऊ पाहतो. तो प्रयोग साफ फसतो. मुले आवाज काढू लागतात. पुढे तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग कान देऊन ऐकतो. गोष्ट मध्येच थांबवून तो हजेरीही घेऊन टाकतो. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने हा प्रसंग मोलाचा आहे. शांतता मागून मिळत नाही; ती एखाद्या ओढीच्या कामाचा परिणाम म्हणून येते. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये केलेल्या कार्यातही हेच सूत्र दिसते. मूल शाळेच्या साच्यात बसत नसेल तर साचा बदलावा, या विचारातून गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली.

याच दिशेचा निष्कर्ष अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी निराळ्या मार्गाने काढला. त्यांचा वर्ग-व्यवस्थापनावरील ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक वर्गांचे चित्रीकरण करून त्यांनी तपासले की, ज्या वर्गांत मुले कामात गुंतलेली असतात तेथील शिक्षक गैरवर्तन घडल्यावर नेमके काय वेगळे करतात. अपेक्षेविरुद्ध असे आढळले की, गैरवर्तन थांबविण्याच्या पद्धतीत यशस्वी आणि अयशस्वी शिक्षकांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. फरक होता तो गैरवर्तन घडण्यापूर्वीच्या व्यवस्थापनात. यशस्वी शिक्षकाचे साऱ्या वर्गाकडे लक्ष असते व तसे ते आहे हे मुलांना ठाऊक असते. तो एकाच वेळी दोन कामे सांभाळू शकतो. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना तो अडखळत नाही. आणि ज्यांची पाळी नाही त्या मुलांनाही तो जागे ठेवतो.

कौनिन यांचा वर्ग एका इयत्तेचा होता. आपल्या बहुवर्ग शाळेत ‘एकाच वेळी दोन कामे सांभाळणे’ हे कौशल्याचे लक्षण राहत नाही, ती नोकरीची पहिली अट बनते. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष आपल्याकडे सौम्य न होता अधिकच तीव्रतेने लागू पडतात.

४. शाळेचा दिवस : गोंधळ कोठे निर्माण होतो

*४.१ आगमन आणि परिपाठ :* दिवसाचा पहिला अर्धा तास पुढील सर्व तासांचा सूर ठरवितो. शाळा उघडण्यापूर्वी मुले आवारात जमलेली असतात आणि पहिले भांडण बहुधा तेथेच होते. ज्या शाळेत आल्या-आल्या करावयाची कामे ठरलेली असतात, तेथे हा वेळ आपोआप भरला जातो: झाडांना पाणी घालणे, फलकावर दिनांक व सुविचार लिहिणे, चटया अंथरणे, स्वतःच्या नावापुढे हजेरीची खूण करणे. ही कामे आठवड्याने फिरती असावीत आणि मुलगे-मुली असा भेद त्यांत नसावा. झाडलोट मुलींकडे आणि घंटा मुलांकडे ही वाटणी आजही अनेक ठिकाणी नकळत चालू असते.

परिपाठ लांबला की तो शिक्षेसारखा होतो. मागील रांगेतील लहान मुले उन्हात उभी राहून वैतागतात आणि वर्गात शिरतानाच अस्वस्थ असतात. पंधरा-वीस मिनिटांचा, मुलांनीच चालविलेला परिपाठ पुरेसा आहे. मुलांची झोप अपुरी राहते या कारणास्तव चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. पेंगणारे मूल बेशिस्त नसते, हे शासनस्तरावर मान्य झाल्याचे ते एक द्योतक होय.

*४.२ एक खोली, दोन इयत्ता :* येथे बैठक व्यवस्थेला निर्णायक महत्त्व आहे. दोन्ही इयत्ता एकाच फळ्याकडे तोंड करून बसविल्या तर प्रत्येक मूल दुसऱ्याचा पाठ ऐकत राहते. दोन इयत्तांची तोंडे लगतच्या दोन भिंतींकडे ठेवून शिक्षकाने कोपऱ्याजवळ उभे राहिल्यास दोन्ही गट नजरेत राहतात. ज्या इयत्तेला शिक्षक शिकविणार नाही तिचे काम आधी लावून द्यावे, मगच दुसरीकडे वळावे. हा क्रम उलटला की गोंधळ निश्चित असतो. लावून दिलेले काम मुलाला मदतीविना जमेल इतके सोपे, पण दोन मिनिटांत संपणार नाही इतके मोठे हवे. पाढे दहादा लिहिणे हे या कसोटीला उतरत नाही, कारण हात चालू असले तरी मन रिकामेच असते. शब्दपट्ट्या जुळविणे, चिंचोक्यांचे गट करून बेरजा मांडणे, चित्र पाहून तीन वाक्ये लिहिणे, जोडीदाराचे वाचन ऐकणे ही कामे अधिक उपयुक्त ठरतात. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर अनेक शाळांत जमिनीवर तक्ते रंगविले गेले आणि पेट्यांमध्ये साहित्य जमा झाले. त्या साहित्याचा खरा उपयोग या ‘शिक्षकाविना’ वेळेसाठी आहे. ते कपाटात कुलूपबंद राहिले तर तपासणीपुरतेच उरते.

‘झाले, आता काय करू?’ हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा येतो. त्याचे उत्तर भिंतीवर आधीच लिहिलेले असावे: काम संपल्यावर गोष्टीचे पुस्तक, त्यानंतर चित्रवही. पाणी पिण्यास व स्वच्छतागृहात जाण्यास परवानगी मागण्याऐवजी दाराशी टांगलेली एक पाटी उलटी करून जाण्याची पद्धत ठेवली, तर शिक्षकाचा पाठ तुटत नाही आणि एका वेळी एकच मूल बाहेर जाते.

*४.३ पोषण आहार :* शालेय पोषण आहार योजनेचा आरंभ १९९५ मध्ये झाला. शिजविलेले अन्न देण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये आदेश दिला. २०२१ पासून ही योजना पीएम पोषण या नावाने ओळखली जाते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात तिचे मोल वेगळे सांगावयास नको. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात अनेक घरांसाठी ते मुलाचे भरवशाचे जेवण होते. वर्तनाच्या दृष्टीनेही जेवण हा कळीचा क्षण आहे. भुकेले मूल जेवणाआधीच्या तासात चिडचिडे होते, ही साधी गोष्ट वेळापत्रक आखताना विसरली जाते. गणितासारखा अवधान मागणारा विषय त्या तासात ठेवू नये.

जेवणाच्या वेळी शिक्षकास धान्याची नोंद, चव पाहणे, स्वयंपाकी-मदतनीसांशी बोलणे आणि मुलांची पंगत ही चार कामे एकदम असतात. हात धुण्याची रांग, वाढपाची पाळी आणि सर्वांचे वाढून झाल्यावरच जेवणास प्रारंभ हे तीन नियम मुलांनी स्वतः पाळावयाचे ठरविल्यास पंगत हीच नागरिकशास्त्राची सर्वोत्तम तासिका ठरते. कोण कोणाशेजारी बसतो, याकडे मात्र शिक्षकाचे डोळे उघडे असावेत. गावातील जातीपातीच्या रेषा पंगतीत उमटू न देणे, हेही वर्गशिस्तीचेच अंग आहे.

*४.४ दुपारचा शेवटचा प्रहर :* या वेळी मुले आणि शिक्षक दोघेही थकलेले असतात आणि शिक्षकाचा तोल सुटण्याचा धोका याच वेळी अधिक असतो. म्हणून शेवटच्या तासांत गाणी, गोष्ट, कार्यानुभव, खेळ यांना स्थान द्यावे. शाळा सुटण्यापूर्वी पाच मिनिटे आज काय जमले हे मुलांनी सांगावे. दिवस रागावण्यावर संपू नये. दुसऱ्या दिवशीचे मूल आदल्या दिवशीचा शेवट मनात घेऊनच येते.

५. वर्तनामागील घर

एकच वर्तन दोन मुलांत दोन भिन्न कारणांनी दिसू शकते. या जिल्ह्याच्या संदर्भात तीन कारणे विशेष विचारात घ्यावी लागतात.

पहिले कारण भाषेचे. कन्नड, सोयगाव परिसरातील तांड्यांवरील बंजारा मुलांची घरची भाषा गोरबोली आहे. अन्यत्र भिल्लांच्या बोली आहेत, शहरात व निमशहरी वस्तीत दखनी आहे. पहिलीत आलेले असे मूल प्रमाण मराठीतील सूचना समजत नसल्याने गप्प बसते अथवा शेजाऱ्याचे पाहून चुकीची कृती करते. शिक्षकाला तो हट्ट किंवा दुर्लक्ष वाटते. ‘बस’, ‘ये’, ‘पाणी’, ‘दाखव’, ‘शाब्बास’ अशा वीस-पंचवीस शब्दांची त्या बोलीतील यादी शिक्षकाने करून घेतली आणि ते शब्द मुलांकडूनच शिकून घेतले, तर हे ‘गैरवर्तन’ महिनाभरात कमी होऊ शकते. शिवाय शिक्षकालाही काही येत नाही व तोही शिकतो, हे मुलांना दिसते.

दुसरे कारण स्थलांतराचे. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. आई-वडिलांबरोबर गेलेले मूल परतते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्या मुलाने अनेक महिने फडावर लहान भावंडे सांभाळलेली असतात, मोठ्यांसारखे जगलेले असते. त्याला पुन्हा ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ मान्य होत नाही. त्याला मागे बसविण्यापेक्षा पहिले काही दिवस जबाबदारीचे काम द्यावे आणि त्याचे मागे राहिलेले पाठ वेगळ्या कार्डांवर द्यावेत. गावात हंगामी वसतिगृह चालू असेल तर आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांची संध्याकाळ कशी जाते, याची माहिती शिक्षकाने ठेवणे आवश्यक आहे. आईची आठवण येणारे मूल रडेलच असे नाही. ते मारामारीही करते.

तिसरे कारण घरकामाचे. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात मुले कामे आटोपून शाळेत येतात. अशा दिवसांत उशिरा येणाऱ्यास दाराबाहेर उभे करणे म्हणजे उद्याच्या गैरहजेरीला आमंत्रण देणे होय.

६. गैरवर्तन घडल्यावर

प्रतिबंधाची कितीही व्यवस्था केली तरी प्रसंग घडतातच. अॅडलरपंथी मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी मुलाच्या गैरवर्तनाचे चार हेतू सांगितले: लक्ष वेधणे, सत्ता गाजविणे, सूड घेणे आणि आपण असमर्थ आहोत असे दाखवून सुटका करून घेणे. यांतील कोणता हेतू आहे हे ओळखण्याची त्यांची खूण शिक्षकांच्या उपयोगाची आहे: आपल्या मनात काय उमटले ते पाहावे. नुसता त्रास वाटला तर मूल लक्ष मागते आहे. आपल्या अधिकाराला आव्हान मिळाल्यासारखे वाटले तर झगडा सत्तेचा आहे. मन दुखावले तर मूलही कोठेतरी दुखावलेले आहे. आणि ‘याचे काही होणार नाही’ अशी हताशा वाटली तर मुलाने स्वतःविषयी तेच ठरविलेले आहे.

उपाययोजना सौम्यापासून सुरू करावी. प्रथम न बोलता त्या मुलाजवळ जाऊन उभे राहावे. बहुसंख्य प्रसंग येथेच मिटतात. नंतर त्याचे नाव घेऊन पाठाशी संबंधित सोपा प्रश्न विचारावा. तरीही न थांबल्यास, सर्वांसमोर नव्हे तर बाजूला घेऊन दोन वाक्यांत बोलावे: काय चुकले आणि आता काय करावयाचे. परिणाम कृतीशी निगडित असावा. पाणी सांडले तर पुसावे, वही फाडली तर चिकटवून द्यावी. उठाबशा, वर्गाबाहेर उभे करणे, टोपणनावाने हाक मारणे, घरच्या परिस्थितीवरून किंवा जातीवरून बोलणे हे सर्व त्याज्य आहे. कायद्याची भाषा केवळ हाताच्या माराविषयी नाही. शब्दांचा मारही मानसिक छळातच मोडतो. संपूर्ण वर्गाला एका मुलासाठी शिक्षा देणे हे तर सर्वांत घातक, कारण त्यातून वर्गच त्या मुलाच्या विरोधात उभा राहतो.

स्तुतीचाही विचार येथे केला पाहिजे. ‘छान’, ‘गुड’ हे शब्द दिवसभर उधळले की त्यांचे मोल राहत नाही. ‘तू आज तुझी पाळी येईपर्यंत थांबलास’ असे नेमके वाक्य मुलाला आपले कोणते वर्तन चांगले ते सांगते. मुलांना निवडीचे स्वातंत्र्य दिल्यास काय घडते, याचे जिल्ह्यातीलच उदाहरण गाडीवाटचे आहे. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील या गावातील जिल्हा परिषद शाळेत परदेशी भाषा शिकण्याचा उपक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा मुलांनी यंत्रमानवाविषयीच्या कुतूहलापोटी जपानी भाषा निवडली. ज्या कामाची निवड मुलाने केली आहे, त्या कामात त्याला बसवून ठेवावे लागत नाही.

७. शिक्षकाचा स्वतःचा दिवस

येथवर सांगितलेले सर्व उपाय एक गोष्ट गृहीत धरतात: शिक्षकापाशी अखंड लक्ष आहे. वास्तवात तेच सर्वाधिक दुर्मीळ झाले आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास, पूर्वतयारीच्या तासांसह, धरले आहेत. पूर्वतयारी हे कामच आहे, ही त्यामागील मान्यता महत्त्वाची आहे. परंतु तयारीचा हा वेळ नोंदवह्या, यू-डायस व सरल प्रणालीतील माहिती, आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळणी आणि तातडीचे निरोप यांत विरून जातो. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांस शिक्षकांना जुंपता येत नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. मात्र माहिती भरण्याचे काम ‘शैक्षणिक’ ठरले तरी ते वर्गाच्या वेळेतच करावे लागत असेल, तर मुलांच्या दृष्टीने फरक पडत नाही. शिक्षक मोबाईलकडे पाहू लागल्याक्षणी वर्गाला ते कळते आणि कौनिन यांनी सांगितलेले ‘सर्वांकडे लक्ष असणे’ तेथेच संपते.

प्रवासाचा मुद्दाही टाळता येणार नाही. मुख्यालयी राहण्याचा प्रश्न गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये उपस्थित केला आणि त्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षकांनी तत्कालीन औरंगाबाद शहरात मोर्चा काढला. एका बाजूस गावातील पालकांची शिक्षकाच्या उपलब्धतेची रास्त अपेक्षा, दुसऱ्या बाजूस लहान गावांत भाड्याच्या घराचा अभाव, स्वतःच्या मुलांचे शिक्षण आणि शिक्षिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न. या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. वर्गाच्या दृष्टीने इतकेच नोंदवावेसे वाटते की, दुचाकीवरून तासभर प्रवास करून शाळेच्या घंटेबरोबर पोहोचणारा शिक्षक आणि अर्धा तास आधी येऊन दोन्ही इयत्तांची कामे मांडून ठेवणारा शिक्षक यांच्या दिवसांत फार मोठे अंतर पडते. शिक्षिकांच्या बाबतीत या दिवसाच्या दोन्ही टोकांना घरकामही जोडलेले असते.

या मर्यादेत शिक्षकाला काही करता येण्याजोगे आहे. दोघा शिक्षकांनी नोंदवह्यांची वाटणी करावी आणि एक माहिती भरत असेल तेव्हा दुसऱ्याने चारही इयत्तांचा गोष्टीचा वा खेळाचा संयुक्त तास घ्यावा. एकटी पडलेली इयत्ता राहू देऊ नये. मोबाईल पाहण्याच्या दोन वेळा ठरवाव्यात. आठवड्याची ‘शिक्षकाविना’ कामे शनिवारीच तयार करून ठेवावीत. घसा चढविण्याऐवजी टाळी, घंटी किंवा हात वर करणे असा एकच संकेत ठरवावा. आवाज वाढला की मुलांचाही आवाज वाढतो. केंद्रप्रमुखांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनाबरोबरच ‘या महिन्यात मला न आवरलेला प्रसंग’ यासाठी अर्धा तास ठेवावा. दोनच शिक्षकांच्या शाळेतील एकटेपणा हा सहसा न बोलला जाणारा भाग आहे.

८. शिक्षक-शिक्षणासाठी काही सूचना

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने येथे आत्मपरीक्षणास जागा आहे. आपल्याकडील सराव पाठ साधारणतः एक इयत्ता, एक घटक आणि एक तासिका या साच्यात घेतला जातो. पाठाच्या वेळी वर्गशिक्षक मागे बसलेला असतो, मुलांना समज दिलेली असते, साहित्य झळझळीत असते. अशा पाठात वर्गशिस्तीचा प्रश्न उद्भवतच नाही आणि म्हणून तो शिकलाही जात नाही. छात्रशिक्षक नेमणुकीच्या पहिल्या दिवशी प्रथमच दोन इयत्तांसमोर उभा राहतो. यासाठी पुढील सूचना विचारार्थ मांडाव्याशा वाटतात.

(१) आंतरवासितेत किमान काही दिवस द्विशिक्षकी शाळेत पूर्ण दिवस, आगमनापासून शाळा सुटेपर्यंत, घालविणे अनिवार्य असावे. (२) पाठ टाचणात ‘दुसरी इयत्ता या वेळी काय करील’ हा रकाना असावा. (३) निरीक्षण तक्त्यात शिक्षकाच्या सादरीकरणाबरोबर मुलांनी कामाविना घालविलेली मिनिटे मोजावीत. (४) स्थानिक बोलींचे छोटे शब्दसंग्रह जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालयांचे भाषा विभाग यांनी एकत्र येऊन तयार करावेत. (५) मानसशास्त्र, समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांनी द्विशिक्षकी शाळेचा संपूर्ण दिवस हा संशोधनाचा घटक मानावा.

९. समारोप

छडी नसलेल्या वर्गात शिस्त कशी ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर छडीला पर्याय शोधण्यात नाही. मुलाच्या हाती करण्याजोगे काम असणे आणि शिक्षकाच्या मनात मुलाकडे पाहण्याइतकी उसंत असणे, या दोन गोष्टी जुळल्या की शिस्तीचा बराचसा प्रश्न उरत नाही. पहिली गोष्ट बव्हंशी शिक्षकाच्या हाती आहे. दुसरी प्रशासन, समाज आणि शिक्षक-शिक्षण देणाऱ्या संस्था यांच्या हाती आहे. शिक्षकाकडून पहिलीची अपेक्षा करणाऱ्यांनी दुसरीची जबाबदारी स्वीकारली पाहिजे. वर्षाला जे ४०० तास मूल शिक्षकाच्या आवाजाबाहेर बसते, ते तास मुलाला स्वतःहून शिकण्याची सवय लावतील की केवळ वाट पाहण्याची, यावर प्राथमिक शाळेचे यश अवलंबून आहे.